पोलिस ठाण्यातून ‘जबाबाला या’ असा फोन आला तर: वकिलाशिवाय बोलावं का, आणि कोणत्या क्रमाने काय करावं

‘उद्या अकराला ठाण्यात या, दोन मिनिटांचं काम आहे.’ एवढ्या फोनवर माणसं एकतर हातातलं काम टाकून तशीच ठाण्यात जाऊन बसतात, नाहीतर फोन बंद करून गावाला निघून जातात. जिल्हा न्यायालयात वकिली करताना माझ्याकडे येणारे बहुतेक पक्षकार यांपैकी एक करूनच आलेले असतात. पहिल्याने नको ते बोलून ठेवलेलं असतं आणि दुसऱ्याने अटकेला कारण दिलेलं असतं.

माझा सल्ला असा: बोलावलं तर जा, पण वकिलाशी बोलल्याशिवाय जबाब देऊ नका. ‘वकील आल्याशिवाय एक शब्द बोलणार नाही’ असं सिनेमात दाखवतात, तो बराचसा अमेरिकेचा कायदा आहे. आपल्याकडे वकील चौकशीच्या खोलीत शेजारी बसेलच याची खात्री नसते. त्यामुळे वकिलाचा खरा उपयोग ठाण्यात पाऊल टाकण्याआधी करून घ्यायचा असतो.

एका पतसंस्थेतल्या कारकुनाचं उदाहरण मी या लेखात पुन्हा पुन्हा देणार आहे. संस्थेत अपहार झाला, गुन्हा दाखल झाला, आणि याला ‘साक्षीदार म्हणून’ बोलावलं. चार दिवस तो एकटाच गेला. पाचव्या दिवशी तो आरोपींच्या यादीत होता.

१. फोनवर माहिती विचारा, सांगू नका

वही-पेन घ्या आणि विचारा: आपलं नाव आणि हुद्दा काय, कोणतं ठाणं, गुन्हा नोंद झालाय की नुसत्या अर्जावर चौकशी आहे, गुन्हा असेल तर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) काय, आणि मला कोण म्हणून बोलावताय? मग एवढंच म्हणा: ‘साहेब, मी सहकार्य करायला तयार आहे. मला लेखी नोटीस द्या, मी तारखेला हजर राहतो.’

फोनवर प्रकरणाबद्दल काहीही सांगू नका. ‘नाही हो साहेब, मी तर तेव्हा तिथे नव्हतोच’ हे वाक्य घाबरून तोंडातून निघतं. मग खरोखर कुठे होतात ते मोबाइलच्या टॉवरवरून कळतं, आणि निर्दोष माणूस पहिल्याच वाक्यात खोटा ठरतो.

*सावधान:* व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही’ म्हणत असेल, तर तो पोलिस नाही. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. नंबर खरा आहे का अशी शंका असेल तर त्याच नंबरवर उलट फोन न करता स्वतः ठाण्यात जाऊन त्या नावाचे अधिकारी आहेत का, ते विचारा.

२. नोटीस कोणत्या कलमाखाली आहे ते पाहा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस लागू झाली. कलमांचे आकडे बदलले, त्यामुळे इंटरनेटवर सापडणारे जुने लेख वाचताना गोंधळ होतो. तुमच्या हातातल्या कागदावर खालीलपैकी काय आहे ते शोधा.

कलम १७९ (जुनं १६०). तुम्ही साक्षीदार आहात. हा आदेश लेखी हवा, आणि तुम्ही त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहणारे हवेत. स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराखेरीज इतरत्र हजर राहण्याची सक्ती नाही. पोलिसांनी घरी यायचं. स्वतःहून जायची तयारी असेल तर जाता येतं. आईला किंवा आजोबांना ‘ठाण्यात घेऊन या’ असा निरोप आला, तर हे कलम नम्रपणे दाखवा.

कलम ३५(३) (जुनं ४१-अ). इथे तुमच्यावर संशय आहे, पण पोलिसांना तूर्त अटकेची गरज वाटत नाही. नोटिशीप्रमाणे हजर राहत गेलात, तर त्या गुन्ह्यात तुम्हाला अटक करायची नसते. करायचीच झाली तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. गेलाच नाहीत, तर अटकेचा रस्ता तुम्ही स्वतः मोकळा करता. वरची स्त्रिया-ज्येष्ठांची घरबसल्या सवलत साक्षीदारांसाठी आहे, ती या नोटिशीला लागू आहे असं धरून चालू नका.

कलम ९४. कागदपत्रं किंवा उपकरण हजर करण्याचा हुकूम. मागितलं आहे तेवढंच द्यायचं.

कलमच नाही, नुसतं ‘अर्ज चौकशी’. शेजाऱ्याने, भाऊबंदाने किंवा सासरच्यांनी अर्ज दिलाय आणि अजून गुन्हा नोंदलेला नाही. लोक याला हलकं समजतात. पण तपासातल्या जबाबाला कायद्याचं जे संरक्षण आहे (ते पुढे येईल), ते इथल्या सही केलेल्या जबाबाला तसंच मिळेल असं गृहीत धरू नका. अशा चौकशीत तोंडी जबाबाऐवजी वकिलाकडून तपासून घेतलेलं लेखी म्हणणं देणं केव्हाही बरं.

कारकुनाला १७९ ची नोटीस होती. पण प्रश्न होते व्हाउचरवरच्या त्याच्याच सह्यांबद्दल. कागदावर साक्षीदार आणि खोलीत संशयित, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. नोटीस साक्षीदाराची असली तरी त्या घटनेत तुमचा हात, सही, खातं, गाडी किंवा फोन यांपैकी काहीही गुंतलेलं असेल, तर स्वतःला संशयित समजूनच तयारी करा.

*व्हॉट्सअॅपवर नोटीस आली तर:* सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे की कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवणं म्हणजे रीतसर बजावणी नव्हे. तरीही ‘निळी खूण दिसू दिली नाही’ म्हणून निश्चिंत राहू नका. ‘मी सहकार्यास तयार आहे, कृपया नोटीस रीतसर बजावावी’ असं उत्तर पाठवा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

३. जाण्याआधी वकील गाठा

फौजदारी काम करणारा वकील हवा. सातबाऱ्याची कामं बघणारे आपले घरचे वकीलसाहेब कितीही चांगले असले, तरी इथे पुरत नाहीत. फी परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि १५१०० हा देशभराचा क्रमांक आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो.

वकिलासमोर सगळं खरं सांगा, लाजिरवाणं असेल तेही. मग तीन गोष्टी ठरवून घ्या: अटकपूर्व जामिनाची गरज आहे का (बीएनएसएस ४८२, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय), जबाब तोंडी द्यायचा की लेखी म्हणणं द्यायचं, आणि कोणत्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही. गुन्हा दाखल असेल तर एफआयआरची प्रत मिळवा. संवेदनशील गुन्हे सोडले तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ती मिळते. एफआयआर न वाचता जबाबाला जाणं म्हणजे प्रश्नपत्रिका उघडी असूनही ती न बघता परीक्षेला बसणं.

वेळ कमी असेल तर मुदत मागा. मजकूर एवढा पुरतो:

> प्रति, तपास अधिकारी, … पोलिस ठाणे. विषय: गु.र.नं. … मधील दि. … ची नोटीस.
> मी तपासास सहकार्य करण्यास तयार आहे. वकिलांचा सल्ला घेण्यासाठी व कागदपत्रे जमा करण्यासाठी मला दि. … पर्यंत मुदत मिळावी. चौकशीच्या वेळी माझ्या वकिलांना उपस्थित राहू द्यावे, ही विनंती.

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घालून पोच घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ठाण्याच्या ईमेलवर पाठवा.

*सावधान:* वकिलाऐवजी नगरसेवक किंवा ‘आतला ओळखीचा माणूस’ घेऊन जाऊ नका. तो ‘साहेबांशी बोललोय, तू फक्त खरं खरं सांगून टाक’ म्हणतो आणि बाहेर चहा पीत बसतो. आत काय लिहिलं गेलं हे त्याला कधीच कळत नाही.

४. आदल्या रात्रीची तयारी

एका कागदावर तारीखवार घटना लिहा. जे नक्की आठवतं तेवढंच लिहा, आणि जिथे अंदाज आहे तिथे ‘नक्की आठवत नाही’ असंच लिहा. हा कागद तुमच्यासाठी आणि वकिलासाठी आहे, तो ठाण्यात नेऊ नका.

सोबत ओळखपत्र, नोटिशीची प्रत, औषधं, आणि वकिलाचा व घरच्या एका माणसाचा नंबर कागदावर लिहून न्या. फोन काढून घेतला की पाठ नसलेले नंबर कामाचे राहत नाहीत. घरी सांगून जा: किती वाजता, कोणत्या ठाण्यात, कोणाकडे, आणि किती वाजेपर्यंत बाहेर आलो नाही तर वकिलांना फोन करायचा.

फोनमधून काहीही पुसू नका, एक मेसेजसुद्धा नाही. मूळ प्रकरणात तुमचा काडीचा संबंध नसला तरी पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

५. आत गेल्यावर

अधिकाऱ्याला नोटीस दाखवा आणि आपल्या येण्याची नोंद स्टेशन डायरीत घ्यायला सांगा. वकील सोबत असेल तर त्यांना बसू देण्याची विनंती तुम्ही स्वतः करा. याचा कायदेशीर पाया असा: राज्यघटनेचं कलम २०(३) सांगतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. नंदिनी सत्पथी प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे संरक्षण पोलिस चौकशीपासूनच सुरू होतं आणि आरोपीला वकील जवळ हवा असेल तर तो नाकारू नये. अटक झालेल्या माणसाला बीएनएसएसच्या कलम ३८ प्रमाणे चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पण चौकशी संपेपर्यंत सतत नाही. व्यवहारात पुष्कळदा वकिलाला काचेपलीकडे, दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर बसवतात. तेही घ्या. तिथे कोणीतरी बघतंय याचा फरक पडतो.

वकिलाला बाहेर काढलं तर हुज्जत घालू नका. वेळ लक्षात ठेवा. वकील बाहेरूनच लेखी हरकत नोंदवतील.

६. प्रश्न सुरू झाल्यावर

बीएनएसएसच्या कलम १८० प्रमाणे तुम्हाला खरी उत्तरं द्यावी लागतात. त्याच कलमात अपवादही आहे: ज्या उत्तराने तुमच्यावरच गुन्ह्याचा आरोप येऊ शकतो, ते उत्तर देण्याचं बंधन नाही. तेव्हा खरं सांगणं आणि न सांगणं या दोन्हींना कायद्यात जागा आहे. खोट्याला मात्र नाही.

नाव, पत्ता, शिक्षण, नोकरी सरळ सांगा. पुढे प्रत्येक प्रश्न पूर्ण ऐका, दोन श्वास थांबा, विचारलं तेवढंच सांगा. अंदाज बांधू नका. अडचणीच्या प्रश्नाला एकच वाक्य, त्याच शब्दांत, दरवेळी: ‘या प्रश्नाचं उत्तर मी वकिलांचा सल्ला घेऊन लेखी देईन.’ आवाज न चढवता.

अवघड असते ती शांतता. साहेब काहीच बोलत नाहीत, पंखा फिरतो आहे, हवालदार कीबोर्डवर बोटं ठेवून तुमच्याकडे बघतोय. अशा वेळी माणूस ती पोकळी भरायला बोलू लागतो. गप्प बसा. चहा आला, ‘अहो, आपण एकाच तालुक्यातले’ असं झालं, तरी जबाब चालूच आहे असं समजा.

बोललेलं कागदावर कसं उतरतं तेही सांगतो. कारकून म्हणाला होता, ‘अध्यक्षांनी पुढे केलं म्हणून सही केली, कशाचं व्हाउचर होतं ते बघितलंही नाही.’ कागदावर आलं: ‘समक्ष विचारलेवरून सांगतो की, सदर व्हाउचरवरील सह्या माझ्याच असून त्या मी न वाचता केल्या आहेत.’ अध्यक्ष वाक्यातून गेले, सह्या राहिल्या. टाइप करणाऱ्याच्या मनात खोट असेलच असं नाही, पण ठाण्याच्या साच्यातल्या मराठीत तुमचं ‘पण’ आणि ‘म्हणून’ गळून पडतं. म्हणून जबाब स्क्रीनवर किंवा प्रिंटवर शब्दन् शब्द वाचा. चष्मा नसेल तर वाचून दाखवायला सांगा. गाळलेलं परत घालून घ्या. दुरुस्ती करत नसतील तर त्याच दिवशी लेखी कळवा.

‘पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, मग काय बिघडलं?’ असं पक्षकार विचारतात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे ती सहसा चालत नाही, हे खरं. पण तुमच्या सांगण्यावरून एखादी वस्तू किंवा कागद सापडला, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग पुराव्यात येतो. मेमोरंडम पंचनामा, म्हणजे तुमचं ते सांगणं पंचांसमोर लिहून घेणं, त्यासाठीच असतो. शिवाय तपासाची दिशा आणि कोठडी मागतानाची कारणं याच बोलण्यातून तयार होतात. साक्षीदार म्हणून पुढे उभे राहिलात तर उलटतपासात हाच जबाब तुमच्यासमोर धरला जातो.

*सावधान:* काही ठिकाणी नियम वेगळे आहेत. मकोकाखाली (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) पोलिस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुराव्यात येऊ शकते. ईडी आणि कस्टम्सपुढच्या जबाबावर सही घेतली जाते आणि त्याचं वजन वेगळं असतं. अशा समन्सला वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नका.

७. सही कुठे करायची, कुठे नाही

तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घेऊच नये, असं बीएनएसएसचं कलम १८१ सांगतं. तरीही कागद पुढे सरकवला जातो आणि लोक सवयीने सही करतात. ‘साहेब, जबाबावर सही लागत नाही’ असं शांतपणे सांगा.

तुम्ही स्वतः फिर्यादी असाल तर फिर्यादीवर सही लागते आणि तिची प्रत मोफत मिळते. नोटीस मिळाल्याची सही करायची, तारीख-वेळ घालून. पंच म्हणून गेलात तर डोळ्यांसमोर जे झालं तेवढ्याच पंचनाम्यावर सही करा. कोऱ्या किंवा अर्ध्या रिकाम्या कागदावर कोणाच्याही सांगण्यावरून नाही.

फोन मागितला तर लेखी मागणी आणि जप्ती पंचनाम्याची प्रत मागा, त्यात मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक आहे का ते तपासा. पासवर्ड सांगायचा का, यावर कायद्यात अजून वाद आहे. प्रसंगानुसार निर्णय वकिलाने द्यायचा.

नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंगला संमती मागितली तर तिथल्या तिथे ‘हो’ म्हणू नका. संमतीशिवाय या चाचण्या करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच ठरवलं आहे.

८. अटक केली तर

विरोध करू नका. मात्र पुढच्या गोष्टी झाल्या का, ते घरच्यांनी आणि वकिलांनी तपासावं:

- अटकेची कारणं लेखी, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत दिली का? महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की हे सर्व गुन्ह्यांना लागू आहे. लगेच देता आली नाहीत तर रिमांडसाठी न्यायालयापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी द्यायला हवीत.
- अटक पंचनाम्यावर साक्षीदाराची सही आणि खरी वेळ आहे का?
- घरच्यांना कळवलं का?
- वैद्यकीय तपासणी झाली का? मार असेल तर डॉक्टरला त्याच वेळी दाखवा, ‘काही नाही’ म्हणू नका.
- प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलं का?

सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलिस अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊनच ती करायची असते. न्यायदंडाधिकारी ‘काही तक्रार आहे का?’ असं विचारतात. ते उत्तर द्यायची जागा आहे. पोलिस मागे उभे असले तरी बोला.

९. बाहेर आल्यावर, त्याच संध्याकाळी

आत किती वाजता गेलात, बाहेर कधी आलात, कोणी काय विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलं आणि कशावर सही केली, हे झोपण्याआधी लिहून वकिलाला पाठवा. पुढची तारीख तोंडी सांगितली असेल तर ‘आज हजर होतो, पुढील तारीख दि. …’ असा ईमेल ठाण्याला करा. ठाण्यात सीसीटीव्ही असायला हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बंधनकारक केलं आहे. आत काही गैर घडलं असेल तर ते फुटेज जतन करण्याचा अर्ज लगेच द्या, महिन्याभराने नव्हे.

सहआरोपी, फिर्यादी किंवा इतर साक्षीदारांना फोन करून ‘तू काय सांगितलंस?’ विचारू नका. कॉलच्या नोंदीत तो फोन दिसतो आणि साक्षीदारावर दबाव आणला म्हणून जामिनाला विरोध होतो.

कारकुनाला अटकपूर्व जामीन मिळाला. नंतर पुन्हा हजेरीची नोटीस आली तेव्हा तो पोच घेतलेला अर्ज, व्हाउचरांच्या तारखांचं लेखी म्हणणं आणि संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत घेऊन गेला. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तो चाळीस मिनिटांत बाहेर आला, आणि गाडीत बसण्याआधी त्याने खिशातला कागद काढून त्यावर वेळ लिहिली.